घरातला मार आणि आपलं वाचन



व्यासपीठावरची मंडळी, समोर बसलेल्या माता-भगिनी, कॉलेजची मुलं-मुली, आणि हे भाषण नंतर मोबाईलवर ऐकणारे, वाचणारे मित्र. माळशिरसला बोलायला बोलावलं, आनंद वाटला. विषय मात्र आनंदाचा नाही. संयोजकांनी फोनवर विषय सांगितला, ‘कौटुंबिक हिंसाचार आणि समाज’. मी म्हटलं, मी वकील नाही, डॉक्टर नाही, समाजसेवक नाही. आयुष्यभर मराठी शिकवलं. ते म्हणाले, मग मराठीतूनच बोला. म्हणून आज मी पुस्तकांबद्दल बोलणार आहे. त्यातही पुस्तकांपेक्षा, ती आपण कशी वाचतो याबद्दल जास्त.

आधी एक कबुली देतो.

मी बरीच वर्षं संत बहिणाबाईंचे अभंग शिकवले. खानदेशच्या बहिणाबाई चौधरी नव्हेत. ह्या सतराव्या शतकातल्या, तुकोबांच्या शिष्या, शिऊरच्या बहिणाबाई. वर्गात मी सांगायचो की आत्मनिवेदनाचे अभंग म्हणजे मराठीतलं स्त्रीचं पहिलं आत्मचरित्र म्हणता येईल, त्यात गुरुभक्ती आहे, पूर्वजन्मांची कथा आहे, भाषा साधी आहे. मुलं लिहून घ्यायची. एका वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला. म्हणाली, “सर, तिला नवऱ्यानं मारलं तेव्हा तिचे आईवडील तिथंच होते ना? मग त्यांनी का नाही थांबवलं?”

मी काय उत्तर दिलं असेल? मी म्हणालो, “हा प्रश्न परीक्षेत येत नाही.” वर्ग हसला. मीही हसलो. ती खाली बसली. पुढच्या सत्रात ती कॉलेजला आली नाही. का आली नाही, मला माहीत नाही. मी विचारलंच नाही. तिचा प्रश्न तिच्या घरातून आला होता का, हेही मला सांगता येणार नाही. पण असू शकेल, एवढंसुद्धा तेव्हा माझ्या मनात आलं नाही. मराठीचा मास्तर, अभंगाचा अर्थ सांगणारा, आणि समोरचं वाक्य मला वाचता आलं नाही.

आजचं भाषण म्हणजे त्या मुलीला उशिरानं दिलेलं उत्तर समजा.

तर बहिणाबाईंपासूनच सुरुवात करू. जन्म १६२८ चा, वेरूळजवळच्या देवगावचा. तिसऱ्या वर्षी लग्न. नवरा गंगाधर पाठक, तिशीचा, बिजवर, वेदविद्या शिकलेला. पुढं भाऊबंदकी आणि कर्जाच्या कटकटीत घर सोडावं लागलं. आईवडील, भाऊ, जावई, मुलगी असं सगळं कुटुंब बाहेर पडलं. पंढरपूरला आले, मग शिखर शिंगणापूरला गेले, तिथून रहिमतपूर आणि शेवटी कोल्हापूर. आता पंढरपूर आणि शिंगणापूर यांच्या मधे कोणता मुलूख येतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. आपल्याच ह्या माळावरचं वारं त्या पोरीनं अंगावर घेतलं असणार.

कोल्हापुरात काय झालं? नवऱ्याला दानात गाय मिळाली. तिचं वासरू ह्या मुलीला लळा लावून बसलं. ती जिथं जाईल तिथं वासरू. ती जयरामस्वामींच्या कीर्तनाला गेली, वासरूही मागं मागं. गर्दीत वासराला बाहेर काढलं, तसं ते हंबरायला लागलं. स्वामींना कळलं, त्यांनी वासराला आत घ्यायला लावलं, आणि वासराच्या आणि मुलीच्या, दोघांच्या डोक्यावर हात ठेवला. एवढंच घडलं. गोष्ट गावभर झाली. कुणीतरी ती नवऱ्याच्या कानावर घातली. त्यानं घरी येऊन तिची वेणी धरली, तिला मारलं, बांधून ठेवलं. तिचं वय तेव्हा अकराच्या आसपास.

मी हा प्रसंग कसा शिकवायचो? ‘गुरुकृपेच्या मार्गातला अडथळा’ म्हणून. म्हणजे मार हा आपला भक्तीच्या वाटेवरचा एक खड्डा. तो ओलांडला की तुकोबांचा स्वप्नदृष्टान्त आहे, तिकडं चला लवकर. आणि मारणारा कोण? तर ‘तापट स्वभावाचा’. झालं. आपल्याकडं बायकोला मारणाऱ्या प्रत्येक माणसाचा स्वभाव तापट असतो. पण बघा, हा तापट माणूस सावकारावर तापत नाही, भाऊबंदांवर तापत नाही. मुकाट गाव सोडतो. तापतो तो अकरा वर्षांच्या मुलीवर.

बहिणाबाईंनी स्वतः याचं कारण फार स्पष्ट लिहून ठेवलंय. पुढं लोक तिला बघायला, नमस्कार करायला येऊ लागतात. नवऱ्याला वाटतं, आता हिला मान, मला कोण विचारणार? ती गरोदर असताना तो तिला टाकून तीर्थयात्रेला निघून जायच्या गोष्टी करतो. म्हणजे भाजी खारट झाली, उलट उत्तर दिलं, असलं काही कारण नाही. एक वासरू, एक कीर्तन, एका गुरूचा डोक्यावर हात. तिचं स्वतःचं असं काहीतरी तिला मिळालं. मार तिथं सुरू झाला. साडेतीनशे वर्षांपूर्वी एका बाईनं हे ओळखून लिहून ठेवलं, आणि आम्ही वर्गात ‘तापट स्वभाव’ लिहून देत होतो.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडं येतो. आईवडील तिथंच होते, मग थांबलं का नाही? याचं उत्तर पुन्हा अभंगांतच आहे, पण दुसऱ्या अभंगांत. ह्याच बहिणाबाईंनी पतिव्रताधर्मावरही अभंग लिहिलेत. पतीची सेवा हाच धर्म, असं सांगणारे. काही वाचक म्हणतात, हा विरोधाभास आहे. मला तसं वाटत नाही. मला वाटतं, आईवडील गप्प का बसले याचं ते उत्तर आहे. मारणाऱ्याचा हात एक होता, पण तो हात बरोबर आहे असं मानणारं सगळं घर होतं. आणि मार खाणारीही त्याच घरात वाढली होती. तिला दुसरी भाषा कुणी दिलीच नव्हती. तरीसुद्धा तिनं मार लपवला नाही, देवाच्या नावानं गोडही केला नाही. घडला तसा लिहिला. ही तिची ताकद मला शिकवता आली नाही.

आता जरा जवळच्या काळात येऊ, आणि जवळच्या गावातही. पालखीचा रस्ता उलटा धरा. माळशिरस, नातेपुते, बरड, फलटण. फलटणला बेबीताई कांबळे राहायच्या. २०१२ साली वारल्या. त्यांचं ‘जिणं आमुचं’ १९८६ साली पुस्तक म्हणून आलं. इथल्या मुला-मुलींनी वाचलं नसेल तर जरूर वाचा. महार समाजाचं जगणं, उपास, सण, अंगात येणं, बाबासाहेबांच्या चळवळीनं झालेली जाग, सगळं आहे. आणि त्यात सुनांचा छळ आहे. कोवळ्या पोरी सासरी येतात. भाकरी नीट थापता आली नाही म्हणून सासूचा मार, सासूनं कान भरले म्हणून नवऱ्याचा मार. पळून गेलेल्या सुनेला पकडून आणून पायात लाकडाचा खोडा घालायचे. नाक कापलेल्या बायका. हे वाचताना हात थांबतो.

पण मला बेबीताईंच्या दोन गोष्टी दाखवायच्यात.

पहिली. त्या सासूला राक्षसीण करून सोडून देत नाहीत. तिनंही हेच भोगलंय, हे दाखवतात. वरचा समाज ह्या समाजाला तुडवतो, समाजातला पुरुष बाईला, थोरली बाई धाकटीला. मार वरून खाली वाहत येतो, पाण्यासारखा. सगळ्यात खाली कोण? ती नवी सून. आणि तिच्याही खाली कोण? तिच्या कडेवरचं मूल. ते सगळं बघत असतं. उद्या तेच सासू होणार, तेच नवरा होणार. ‘हिंसाचाराचे कुटुंबावर आणि समाजावर होणारे परिणाम’ असा विषय संयोजकांनी दिला होता. मला वाटतं त्यावर यापेक्षा नेमकं मराठीत क्वचितच लिहिलं गेलं असेल.

दुसरी गोष्ट जास्त अवघड आहे. बेबीताईंनी हे लेखन कित्येक वर्षं घरच्यांपासून लपवून केलं. फलटणला त्यांचं छोटं दुकान होतं. पुड्या बांधायला आलेल्या रद्दीचे कागद वाचत त्या वाचत्या झाल्या, आणि लिहिलेलं दडवून ठेवत. ‘जिणं आमुचं’चा इंग्रजी अनुवाद माया पंडित यांनी केला, तो २००८ साली आला. त्यात बेबीताईंची मुलाखत आहे. तिथं त्या सांगतात की नवरा संशय घ्यायचा, मारायचा. मग प्रश्न येतो, हे पुस्तकात का नाही? त्यांचं सांगणं असं, की मला माझ्या समाजाचं दुःख लिहायचं होतं, आणि असा मार तर बहुतेक बायकांच्या वाट्याला येतच होता.

मित्रहो, इथं जरा थांबा. गावातल्या प्रत्येक सुनेचा मार जिनं लिहिला, तिनं स्वतःचा लिहिला नाही. मी याला भित्रेपणा म्हणणार नाही. समाजाची लढाई आधी, माझी नंतर, हा तिचा निर्णय होता, आणि तो समजून घ्यायला हवा. पण टीकाकार म्हणून आपण काय केलं? आपण पुस्तकाला ‘समाजाचा दस्तऐवज’ म्हटलं आणि पुढं गेलो. हे लिहिणारी बाई कुठं बसून लिहीत होती, कुणाला भिऊन लिहीत होती, हे फार थोड्यांनी विचारलं. बहिणाबाईंनी सांगितलेलं आम्हाला ऐकू आलं नाही, बेबीताईंनी न सांगितलेलं तर दूरच. कान एकच, बहिरेपणा एकच.

आता एक नाटक घेऊ. विजय तेंडुलकरांचं ‘कन्यादान’, १९८३ चं. नाथ देवळालीकर हे समाजवादी आमदार, बायको सेवा कार्यकर्ती, घरात सगळा समतेचा विचार. मुलगी ज्योती अरुण आठवले ह्या दलित कवीशी लग्न करते. वडिलांना कोण आनंद! आणि अरुण तिला मारतो. पोटुशी असताना लाथ मारतो.

ह्या नाटकाशी माझं एक मोठं भांडण आहे. रंगमंचावर मारणारा दाखवायचा झाला तर तो दलित घरातला दाखवला, आणि त्याच्या मारामागं त्याच्या जातीचं भोगणं जोडलं. पांढरपेशा प्रेक्षक सुस्कारा टाकून घरी गेला, की बघा, त्यांच्यात असं असतं. अरे, बहिणाबाईंचा नवरा कोण होता? वेदपाठी ब्राह्मण! बेबीताईंनी स्वतःच्या समाजावर लिहिलं ते आतून लिहिलं, आणि त्याची किंमत मोजून लिहिलं. बाहेरून बोट दाखवणं वेगळं. मार कुठल्या एका जातीचा नाही. बंगल्यात दार जाड असतं म्हणून आवाज बाहेर येत नाही, एवढाच फरक.

पण ह्याच नाटकात एक प्रसंग असा आहे, की तो मला झोपू देत नाही. अरुणचं आत्मचरित्र प्रसिद्ध होतं, गाजतं. त्यावरच्या कार्यक्रमात नाथांनी बोलावं असा आग्रह होतो. पोरीला मारणाऱ्याच्या पुस्तकावर! आधी ते नाही म्हणतात, मग जातात, आणि पुस्तकाची स्तुती करतात. नंतर ज्योती येऊन बापाला धारेवर धरते. तुमचं भाषण खोटं होतं, असं तोंडावर सांगते. आणि त्याच नवऱ्याकडं परत जाते.

समीक्षकासाठी याहून मोठा आरसा मराठीत नाही. व्यासपीठावर उभं राहून पुस्तकाबद्दल गोड बोलणारा तो माणूस म्हणजे मी आहे, आणि माफ करा, आपल्यापैकी पुष्कळजण आहेत. शोषणावर भाषण ठोकायचं आणि घरी वेळेवर चहा आला नाही की ताट आपटायचं. ताट आपटणं हे मारणं नाही, असं कुणी म्हणेल. ताट आपटल्यावर घरातलं लहान पोर कुठल्या कोपऱ्यात जाऊन उभं राहतं, ते एकदा बघा. मग बोलू.

हे झालं पुस्तकांचं. सगळेच पुस्तकं वाचत नाहीत, पण सिनेमा बघतात. १९९१ साली ‘माहेरची साडी’ आला. विजय कोंडके यांचा, अलका कुबल यांचा. आपल्याकडं बायका अक्षरशः ट्रॅक्टर-ट्रॉलीत बसून बघायला गेल्या. पदर ओले करून परत आल्या. मी त्या रडण्याला हसणार नाही. ज्या बाईला स्वतःसाठी रडायची सोय नाही, तिला अंधारात तीन तास मिळाले. पण सिनेमानं काय शिकवलं? दुष्ट कोण, तर सासू. मोठी कोण, तर सोसणारी. घराची रचना आहे तशी बरोबर, फक्त त्यात एक वाईट बाई घुसली. बेबीताई विचारतात, ही सासू अशी कशी झाली? सिनेमा ते विचारत नाही. म्हणून सिनेमा संपला की डोळे पुसायचे आणि घरी जाऊन तोच स्वयंपाक, तोच मार. रडणं झालं, प्रश्न राहिला.

आता पुस्तकाबाहेरचं एक वाचन सांगतो. १९८२ साली पुण्यात मंजुश्री सारडा हिचा मृत्यू झाला. लग्नाला जेमतेम काही महिने झाले होते. खटल्यात तिनं बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेली पत्रं पुरावा म्हणून आली. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं, आत्महत्येची शक्यता नाकारता येत नाही असं म्हणून, आरोपींची निर्दोष मुक्तता केली. न्यायालयाचा निकाल तो निकाल. पण पत्रांत मनावरचं ओझं होतं, हे न्यायालयातही वाचलं गेलं. आपल्याकडं मुलगी लिहिते, फोन करते, दिवाळीला आली की दोन दिवस गप्प गप्प असते. ते वाचल्यावर पुढं करायचं काय, याची आपल्या घरांत रीत नाही. रीत एकच. “बाई, जरा जुळवून घे. भांड्याला भांडं लागायचंच.”

ह्या म्हणीकडं नीट बघा. भांड्याला भांडं लागतं तेव्हा दोन्ही भांड्यांना पोचा येतो. इथं पोचा एकाच भांड्याला येतोय, दर वेळी त्याच. मग ते भांड्याला भांडं लागणं नाही. त्याला मार म्हणायचं. माझं आज एवढंच मागणं आहे, की शब्द बदला. ‘त्यांचं घरातलं भांडण’, ‘नवरा-बायकोचा प्रश्न’, ‘तापट आहे, पण मनानं चांगलाय’, ही सगळी वाक्यं वाचन चुकवण्याची वाक्यं आहेत. मीही वर्षानुवर्षं तीच वापरली.

कायद्यानं शब्द बदललेत. १९८३ साली दंडविधानात ४९८-अ आलं, आता ते भारतीय न्याय संहितेत ८५ आणि ८६ कलमांत आहे. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्यात हिंसा म्हणजे फक्त मार नव्हे. शिव्या, टोमणे, अपमान, लैंगिक जबरदस्ती, पैसे आणि दागिने काढून घेणं, खर्चाला न देणं, हे सगळं हिंसेत येतं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, राहत्या घरात राहण्याचा तिचा हक्क. घर कुणाच्याही नावावर असो. ‘निघ माझ्या घरातून’ हे वाक्य त्या कायद्यानं बेकायदा केलं. बहिणाबाईंच्या नवऱ्याला हे ऐकवायला हवं होतं.

आणि हे फक्त जुन्या पुस्तकांतलं आहे असं समजू नका. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १८ ते ४९ वयाच्या, लग्न झालेल्या बायकांपैकी साधारण चारातल्या एकीनं नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचं सांगितलं. हे सांगितलेलं. न सांगितलेलं बेबीताईंना विचारा. त्याच सर्वेक्षणात देशभरातल्या सुमारे ४५ टक्के बायकांनी, काही कारणांसाठी नवऱ्यानं मारलं तर चालतं, असं उत्तर दिलं. पुरुषांचा आकडाही जवळपास तेवढाच. म्हणजे पतिव्रताधर्माचे अभंग आजही चालू आहेत, चाल फक्त बदलली.

भाषण इथं संपवतो. दोन-तीन प्रश्न घेऊ.

(एका भगिनीचा प्रश्न : सर, पुस्तक वाचून मार थांबतो का?)

नाही, ताई. पुस्तकानं थांबत नाही. माणूस मधे पडला तर थांबतो, कायदा मधे आला तर थांबतो. पण मधे कोण पडेल? ज्याला मार हा मार म्हणून दिसेल तोच पडेल ना? दिसायला शिकवणं एवढंच पुस्तकाचं काम. बाकीचं काम दाराबाहेर उभ्या असलेल्या आपलं. १८१ हा महिलांच्या मदतीचा नंबर आहे, तातडीला ११२ आहे. तालुका विधी सेवा समितीकडून बाईला फुकट वकील मिळू शकतो. हे नंबर मुलीच्या मोबाईलमध्ये तिच्या लग्नाच्या आधी टाकून द्या. रुखवतात एवढं सगळं मांडता, हेही मांडा.

(मागून एका गृहस्थांचा प्रश्न : कायद्याचा गैरवापर होतो, त्याचं काय?)

होतो, काही वेळा होतो. म्हणूनच २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अर्नेश कुमार प्रकरणात सांगितलं, की अशा तक्रारीत लगेच अटक करू नका, गरज तपासा. म्हणजे त्या काळजीची दखल घेतली गेलीय. पण दादा, एक विचारतो. आज दीड तास मी माराबद्दल बोललो आणि आपल्या मनात पहिला प्रश्न गैरवापराचा आला. मी रागानं म्हणत नाही. माझ्या मनात तर त्या मुलीचा प्रश्न ‘परीक्षेत येत नाही’ म्हणून आला होता. आपण दोघांनीही आपापला पहिला विचार का तसा आला, हे घरी जाऊन शोधू या.

त्या मुलीचं उत्तर राहिलं. बाळा, त्यांनी थांबवलं नाही, कारण त्यांना तो मार वाटलाच नाही. त्यांना तो संसार वाटला. आणि मलाही तेच वाटलं होतं. चुकलं माझं. तू आज हे कुठं ऐकत असशील तर तुझा प्रश्न बरोबर होता, एवढं कळावं.

थांबतो.